कुठून, कोणाला, कशासाठी: मराठीतून स्पॅनिशकडे जाणारी वाट

बीडच्या बसस्थानकात चौकशीच्या खिडकीजवळ थोडा वेळ उभे राहिले, की ठरावीक प्रश्न कानावर येतात. "ही गाडी कुठून आली?" "अंबाजोगाईची कव्हा लागंल?" "परळीला कितीला पोचती?" "कुठवर जाती, भाऊ?" विचारणाऱ्यांत शाळकरी मुले असतात, म्हाताऱ्या आजी असतात. त्यांतल्या कोणीही व्याकरणाचा विचार केलेला नसतो. तरीही 'कुठे' आणि 'कुठून' यांत कोणाची गल्लत होत नाही. 'परळीला जायचंय' आणि 'परळीला राहतो' या दोन वाक्यांत एकच 'ला' दोन वेगळी कामे करतो, हेही ऐकणाऱ्याला न सांगता कळते.

याच गावातला एखादा विद्यार्थी स्पॅनिश शिकायला बसतो, तेव्हा मात्र पहिल्या काही धड्यांतच अडतो. अडतो तो नेमका प्रश्नार्थक शब्दांवर आणि 'आ', 'दे', 'एन', 'कोन', 'पोर', 'पारा' या चिमुकल्या शब्दांवर. जे काम तो मराठीत दिवसभर बिनचूक करतो, तेच स्पॅनिशमध्ये इतके अवघड का वाटते?

याचे मोठे कारण शिकण्याच्या वाटेत आहे. आपल्याकडे परदेशी भाषेची बहुतेक पुस्तके इंग्रजीतून शिकवतात. विद्यार्थी मराठीतला विचार आधी इंग्रजीत नेतो आणि मग इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये. या दोन्ही विषयांत इंग्रजी स्पॅनिशपेक्षा बरीच वेगळी वागते, आणि मराठी कितीतरी ठिकाणी स्पॅनिशच्या जवळ आहे. मधला फेरा टाळला, तर निम्मी अडचण पहिल्याच आठवड्यात सुटते. ती कशी, ते क्रमाने पाहू.

(उच्चाराविषयी एक सूचना: स्पॅनिशमधले त आणि द हे मराठीतल्यासारखेच दंत्य आहेत. 'व' आणि 'ब' यांसाठी लिपीत दोन अक्षरे असली, तरी दोन्हींचा उच्चार 'ब'कडे झुकतो. म्हणून 'जातो' या अर्थाचे क्रियापद इथे 'बोय' असे लिहिले आहे.)

'क'ची बाराखडी

मराठीतले प्रश्नार्थक शब्द ओळीने म्हणून पाहा: कोण, काय, कोणता, कुठे, केव्हा, कसा, किती, का. प्रत्येक शब्द 'क'ने सुरू होतो. आता स्पॅनिशचे पाहा: किएन म्हणजे कोण, के म्हणजे काय, क्वाल म्हणजे कोणता, क्वांदो म्हणजे केव्हा, कोमो म्हणजे कसा, क्वांतो म्हणजे किती. इथेही 'क'च.

हा योगायोग नाही. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात दिलेल्या व्याख्यानात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका मुळातून आल्या असाव्यात, असे मांडले. पुढच्या अभ्यासकांनी ते सविस्तर सिद्ध केले. मराठी संस्कृत-प्राकृताच्या शाखेतली, स्पॅनिश लॅटिनच्या शाखेतली. संस्कृतातला 'कः' आणि लॅटिनमधला 'क्विस' एकाच धातूचे. संस्कृतातला 'कति' आणि लॅटिनमधला 'क्वोत' हे तर थेट भावंडे, दोन्हींचा अर्थ 'किती'.

नाते उत्तरांतही दिसते. मराठीत 'किती'चे उत्तर 'तितके' आणि 'कसा'चे उत्तर 'तसा'. क जाऊन त येतो. स्पॅनिशमध्ये 'क्वांतो'चे उत्तर 'तांतो', म्हणजे तितके. 'क्वाल'ची जोडी 'ताल', म्हणजे तसा. प्रश्नाला क आणि उत्तराला त ही सवय दोन्ही भाषांनी हजारो वर्षे जपली आहे.

या ओळीत एकच शब्द वेगळा दिसतो: दोंदे, म्हणजे कुठे. त्याचीही गोष्ट मजेची आहे. लॅटिनमध्ये 'उंदे' म्हणजे 'कुठून'. त्याच्या पुढे 'दे', म्हणजे 'हून', पुन्हा लागला आणि 'दोंदे' तयार झाला. काळाच्या ओघात त्यातला 'हून'चा अर्थ झिजला आणि 'दोंदे' म्हणजे नुसते 'कुठे' उरले. मग 'कुठून' म्हणायचे, तर लोकांना तिसऱ्यांदा 'दे' लावावा लागला: दे दोंदे.

छोटी रेघ, मोठा फरक

मराठीत प्रश्न विचारताना 'केव्हा' म्हणतो आणि दोन वाक्ये जोडताना 'जेव्हा'. कुठे–जिथे, कोण–जो, कसा–जसा, किती–जितका. क बदलून ज केला, की प्रश्न संपतो आणि जोडणी सुरू होते.

स्पॅनिश अक्षर बदलत नाही. प्रश्न असेल तर शब्दातल्या एका स्वरावर छोटी तिरकी रेघ देते आणि बोलताना त्या शब्दावर जोर देते. जोडणी असेल तर रेघही नाही आणि जोरही नाही. रेघेचा क्वांदो म्हणजे केव्हा, बिनरेघेचा क्वांदो म्हणजे जेव्हा. रेघेचा दोंदे म्हणजे कुठे, बिनरेघेचा जिथे. रेघेचा 'के' म्हणजे काय, बिनरेघेचा म्हणजे 'की' किंवा 'जो'. विद्यार्थ्याला ही रेघ शोभेची वाटते आणि तो ती गाळतो. ती आपल्या क आणि ज यांच्यातला फरक सांगते, हे एकदा कळले, की ती विसरली जात नाही.

दुसरी खूण वाक्याच्या आरंभी येते. स्पॅनिशमध्ये प्रश्नाच्या शेवटी नेहमीचे प्रश्नचिन्ह असते आणि सुरुवातीला उलटे: ¿. स्पेनच्या शाही भाषा अकादमीने १७५४ साली आपल्या शुद्धलेखनाच्या ग्रंथात हे चिन्ह सुचवले. त्याची गरज का पडली, हे मराठीशी तुलना केली की लगेच समजते. 'तू बीडचा आहेस' या विधानाचा प्रश्न करायला आपण शेवटी 'का' जोडतो. स्पॅनिशमध्ये असा 'का' नाही. 'एरेस दे बीड' हे विधानही आहे आणि सूर चढवला तर प्रश्नही. लांब वाक्य वाचताना सूर कधी चढवायचा, हे आधीच कळावे, म्हणून उलटे चिन्ह.

इथे आपल्या विद्यार्थ्यांची एक चूक नेहमी होते. 'येतोस का?' यातल्या 'का'साठी ते 'पोर के' हा शब्द घालतात. पोर के म्हणजे कारण विचारणारा 'का'. हो-नाहीच्या प्रश्नातल्या 'का'ला स्पॅनिशमध्ये शब्दच नाही. तिथे फक्त सूर.

पोत्याच्या पुढची आणि मागची चिठ्ठी

आता दुसऱ्या गटाकडे वळू. मोंढ्यात धान्याचे पोते येते. पोत्यातला माल सगळीकडे सारखाच, पण त्यावरच्या चिठ्ठीने कळते की तो कोणाकडून आला, कोणाकडे जायचा, कोणासाठी ठेवायचा. वाक्यातल्या नामाचेही तसेच आहे. 'बीड' हा माल. 'बीडहून', 'बीडला', 'बीडमध्ये', 'बीडचा', 'बीडपर्यंत' यांतले शेवटचे तुकडे म्हणजे चिठ्ठ्या. मराठी ही चिठ्ठी नामाच्या मागे शिवते, स्पॅनिश पुढे लावते: दे बीड, आ बीड, एन बीड, आस्ता बीड. एवढाच मूळ फरक.

मागे लागणाऱ्या या चिठ्ठ्यांना आपण शाळेत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये म्हणतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्यापासून आपल्या शालेय व्याकरणाची परंपरा चालत आली आहे, आणि 'स-ला-ते', 'ने-ए-शी', 'ऊन-हून', 'चा-ची-चे' ही घोकंपट्टी अजून अनेकांच्या ओठांवर आहे. स्पेनमधल्या मुलांनीही पिढ्यान्‌पिढ्या अशीच यादी घोकली आहे: आ, आंते, बाखो, काबे, कोन, कोंत्रा, दे, देस्दे... जुन्या यादीत असे १९ शब्द. त्यांतले एक-दोन आता वापरातून गेले आहेत.

चिठ्ठी पुढे आणि मागे असे दोन प्रकार का झाले? संस्कृत आणि लॅटिन या दोन्ही भाषांत नामाचा शेवटच बदलत असे आणि तेवढ्यावर अर्थ कळे. बोलता बोलता हे शेवट झिजले. अर्थ धरून ठेवायला आधाराचे शब्द लागले. आपल्याकडे ते नामाच्या मागे आले आणि कालांतराने त्याला चिकटले. आपला 'ला' हा जुन्या 'लागी' या शब्दातून आला, असे अनेक अभ्यासक मानतात. लॅटिनच्या लेकींत, म्हणजे स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच, इटालियन यांत, आधाराचे शब्द नामाच्या पुढे राहिले.

स्पॅनिशमध्ये एका ठिकाणी मात्र आपल्यासारखी मागची चिठ्ठी अजून शिल्लक आहे. 'माझ्यासोबत'ला लॅटिनमध्ये 'मेकुम' म्हणत. 'मे' म्हणजे मी आणि 'कुम' म्हणजे सोबत, अगदी मराठीच्या क्रमाने. पुढे 'कुम' झिजून 'गो' झाला आणि त्याचा अर्थ लोक विसरले. मग त्यांनी पुढे नवा 'कोन' लावला. आजचा स्पॅनिश शब्द आहे 'कोन-मी-गो'. त्यात 'सोबत' दोनदा आहे, एकदा पुढे आणि एकदा मागे. (गावाकडे 'कोण'ला 'कोन' म्हणतात. स्पॅनिशमधला 'कोन' म्हणजे सोबत, हे लक्षात ठेवावे.)

प्रश्न आणि चिठ्ठी बरोबरच फिरतात

या दोन विषयांची गाठ पडते ती इथे. मराठीत प्रश्नार्थक शब्दालाही तोच प्रत्यय लागतो, जो उत्तराला लागणार असतो. 'कुठून?' – 'बीडहून.' 'कोणासाठी?' – 'आईसाठी.' 'केव्हापर्यंत?' – 'चैत्रापर्यंत.' प्रश्नानेच उत्तराची चिठ्ठी ठरते. स्पॅनिशचा नियम अगदी हाच: दे दोंदे? – दे बीड. पारा किएन? – पारा मी मामा, म्हणजे माझ्या आईसाठी. आस्ता क्वांदो? – आस्ता आब्रिल, म्हणजे एप्रिलपर्यंत.

इंग्रजीत बोलताना 'फ्रॉम' वाक्याच्या शेवटी सोडून देता येतो: 'व्हेअर आर यू फ्रॉम?' स्पॅनिशमध्ये असे कधीच चालत नाही. 'दे'सारखे अव्यय प्रश्नार्थक शब्दाच्या पुढेच हवे. इंग्रजीतून शिकणारा इथे हमखास चुकतो. मराठीतून आलेल्याला मात्र 'कुठ' एकीकडे आणि 'ऊन' दुसरीकडे ठेवण्याची कल्पनाही सुचत नाही.

जोड्या अशा लावाव्यात:

कोणाला – आ किएन
कोणाचा – दे किएन
कोणासोबत – कोन किएन
कोणासाठी – पारा किएन
कुठे (राहतो) – दोंदे
कुठे (जातो) – आदोंदे
कुठून – दे दोंदे
कुठवर – आस्ता दोंदे
केव्हापासून – देस्दे क्वांदो
केव्हापर्यंत – आस्ता क्वांदो
कशाचा – दे के
कशाने – कोन के
किती वाजता – आ के ओरा

या यादीत स्पॅनिश मराठीपेक्षा सोपी आहे. आपल्याला 'काय'चे 'कशा' आणि 'कोण'चे 'कोणा' करून मग प्रत्यय लावावा लागतो. स्पॅनिशमध्ये 'के' आणि 'किएन' चिठ्ठी लागली तरी जसेच्या तसे राहतात. फक्त अनेक माणसांबद्दल विचारायचे असेल, तर 'किएन'चे 'किएनेस' होते. 'क्वांतो' मात्र पुढच्या नामाचे लिंग-वचन घेतो: क्वांतोस लिब्रोस म्हणजे किती पुस्तके, क्वांतास ओरास म्हणजे किती तास.

वाक्याची रचनाही सरळ आहे. आधी चिठ्ठीसह प्रश्नार्थक शब्द, लगेच क्रियापद, मग कर्ता. 'सीता कुठे काम करते?' याचे होते 'दोंदे त्राबाखा सीता?'

'ला' आणि 'आ': न शिकता आलेला धडा

'मी पुस्तक पाहतो' आणि 'मी भावाला पाहतो' ही दोन वाक्ये घ्या. दोन्हीत पाहण्याची क्रिया एकच, पण पुस्तकाला 'ला' नाही आणि भावाला आहे. स्पॅनिशमध्येही पुस्तक असेल तर 'बेओ एल लिब्रो', आणि भाऊ असेल तर 'बेओ आ मी एर्मानो'. माणसाच्या पुढे 'आ' आलाच पाहिजे. इंग्रजीत असे काहीच नसल्याने इंग्रजी भाषकांना हा 'आ' वर्षानुवर्षे छळतो. आपण तो लहानपणीच शिकलेलो असतो.

साम्य याहूनही बारीक आहे. 'मी डॉक्टर शोधतोय' म्हणजे कोणीही डॉक्टर चालेल. 'मी डॉक्टरांना शोधतोय' म्हणजे ठरावीक डॉक्टर. स्पॅनिशमध्ये पहिल्यासाठी 'बुस्को उन मेदिको' आणि दुसऱ्यासाठी 'बुस्को आल मेदिको'. (आ आणि एल जवळ आले की 'आल' होतो, दे आणि एल मिळून 'देल'. असे सक्तीचे संधी एवढे दोनच.) जर्मन भाषाशास्त्रज्ञ गेओर्ग बोसोंग यांनी १९८०च्या दशकात फारसीसह अनेक भाषांतल्या अशा भेदाचा अभ्यास केला आणि त्याला शास्त्रीय नाव दिले. एक फरक लक्षात ठेवायचा: मराठीत 'दगडालाही' चालते, स्पॅनिशमध्ये हा 'आ' मुख्यतः माणसांसाठी आणि घरच्या लाडक्या प्राण्यांसाठी आहे.

आवडीनिवडीचेही तसेच. 'मला सीताफळ आवडते' यात आवडणारी वस्तू कर्ता आणि 'मला' चतुर्थी. एक असेल तर 'आवडते', अनेक असतील तर 'आवडतात'. क्यूबामध्ये सीताफळाला आनोन म्हणतात. तिथला माणूस म्हणेल 'मे गुस्ता एल आनोन', आणि अनेक असतील तर 'मे गुस्तान लोस आनोनेस'. रचना शब्दागणिक आपलीच. बालाघाटाच्या डोंगरातल्या ज्या सीताफळाला बीडच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले, ते झाड मूळचे उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचे आहे.

मात्र प्रत्येक 'ला'साठी 'आ' लावायचा नाही. 'बीडला जातो' म्हणजे 'बोय आ बीड', पण 'बीडला राहतो' म्हणजे 'बीबो एन बीड'. जाण्याला आ, असण्या-राहण्याला एन. एवढा एक भेद मुद्दाम गिरवावा लागतो.

'चा' आणि 'हून' यांचे एकच घर: दे

"कुठला तू?" असे विचारले तर आपण "बीडचा" म्हणतो, "बीडहून" क्वचितच. म्हणजे मूळ सांगताना षष्ठी आणि पंचमी आपल्याकडेही जवळ येतात. स्पॅनिशने दोन्ही एकत्रच केल्या: सोय दे बीड, म्हणजे मी बीडचा आणि बीडहून आलेलाही. 'दे' मालकी सांगतो, मूळ सांगतो आणि वस्तू कशाची आहे तेही सांगतो. "भाकरी कशाची?" – "ज्वारीची." स्पॅनिशमध्ये 'दे के एस?' – 'दे सोर्गो.' आणखी एक सोय: चा-ची-चे-च्या असे बदल नाहीत. दे सगळीकडे दे.

'ने'ची चार कामे

'ला' जितका उपकारक, तितका 'ने' फसवा. ही चार वाक्ये पाहा.

सीताने ऊस तोडला.
कोयत्याने ऊस तोडला.
बसने कोल्हापूर गाठले.
दुष्काळाने पिके गेली.

पहिल्या वाक्यातला 'ने' करणाऱ्याला लागला आहे. स्पॅनिशमध्ये तिथे काहीच लागत नाही: सीता कोर्तो ला कान्या. दुसऱ्यात तो हत्याराला लागला आहे, म्हणून 'कोन': कोन माचेते. तिसऱ्यात वाहनाला, म्हणून 'एन': एन आउतोबूस. चौथ्यात कारणाला, म्हणून 'पोर': पोर ला सेकीआ. मराठीतून स्पॅनिशमध्ये जाताना 'ने' दिसला, की थांबून विचारायचे: हा करणारा आहे, हत्यार आहे, वाहन आहे की कारण? उत्तर मिळाले, की अव्ययही मिळते. कर्ता, करण, अपादान, अधिकरण या कारकांचा विचार पाणिनीने ज्या बारकाईने केला, तोच विचार इथे कामाला येतो.

पोर आणि पारा: 'मुळे' आणि 'साठी'

स्पॅनिश शिकणाऱ्यांना जगभर खूप त्रास देणारी एक जोडी म्हणजे पोर आणि पारा. इंग्रजीत बहुतेक वेळा दोन्हींसाठी एकच 'फॉर' येतो, म्हणून नियमांच्या लांबलचक याद्या पाठ कराव्या लागतात. मराठीत हा भेद मुळातच आहे. मागून ढकलणारे कारण म्हणजे 'मुळे', ते पोर. पुढे दिसणारा हेतू म्हणजे 'साठी', तो पारा.

बीड जिल्ह्यातल्या कोणालाही हा भेद उदाहरणाने लगेच पटेल. दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथली हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. ती का जातात? या एका 'का'ची दोन उत्तरे आहेत. दुष्काळामुळे: पोर ला सेकीआ. ऊस तोडण्यासाठी: पारा कोर्तार कान्या. पहिले पाठीमागचे कारण, दुसरा पुढचा हेतू. म्हणून स्पॅनिशमध्ये प्रश्नही दोन. पोर के? म्हणजे कशामुळे. पारा के? म्हणजे कशासाठी. मराठवाड्याच्या बोलीत 'का' ऐवजी 'काहून' म्हणतात. त्यातला 'हून' कानाला स्वच्छ ऐकू येतो. 'पोर के' या प्रश्नाचा रोखही तसाच कारणाकडे असतो.

'पोर के'चे उत्तर देताना स्पॅनिश माणूस 'पोर्के' म्हणतो, म्हणजे 'कारण'. प्रश्नात दोन सुटे शब्द आणि रेघ, उत्तरात एक जोडशब्द आणि रेघ नाही.

पोरची आणखी तीन कामे आहेत: मोबदला, मार्ग आणि साधन. 'शंभर रुपयांना' म्हणजे पोर सिएन रुपिआस. 'मांजरसुंब्यावरून' म्हणजे पोर मांजरसुंबा. 'फोनवरून' म्हणजे पोर तेलेफोनो. पाराची कामे हेतू, ज्याच्यासाठी ते माणूस, आणि मुदत: 'सोमवारपर्यंत हवे' यातला सोमवार म्हणजे पारा एल लूनेस.

उसाचा विषय स्पॅनिश जगातही तितकाच मोठा आहे. गाळप हंगामाला तिथे 'साफ्रा' म्हणतात. क्यूबाने १९७० च्या साफ्रात एक कोटी टन साखरेचे लक्ष्य ठेवले होते आणि हाती सुमारे ८५ लाख टन आली. साखरेला ते 'आसूकार' म्हणतात. संस्कृत 'शर्करा' हा शब्द फारसी आणि अरबीतून प्रवास करत तिकडे गेला, त्याचेच हे रूप. 'पर्यंत' या अर्थाचा 'आस्ता'ही अरबी 'हत्ता'पासून आला आहे.

मराठी जिथे वाट चुकवते

मराठीचा आधार मोठा असला, तरी दोन ठिकाणी सावध राहायला हवे.

पहिले ठिकाण 'काय'. 'तुझा फोन नंबर काय?' याला स्पॅनिशमध्ये 'के' लावत नाहीत. अनेक नंबरांतला तुझा कोणता, असा त्यांचा विचार असतो, म्हणून 'क्वाल एस तु नूमेरो?' व्याख्या विचारायची असेल तेव्हा 'के': 'साफ्रा म्हणजे काय?' – 'के एस ला साफ्रा?' आणि नाव विचारताना ते बहुधा 'कसा' म्हणतात: 'कोमो ते यामास?'

दुसरे ठिकाण 'वर'. 'टेबलावर' आणि 'डब्यात' यांत मराठी स्पष्ट भेद करते. स्पॅनिशमध्ये रोजच्या बोलण्यात दोन्हीकडे 'एन' चालतो. नेमकेपणा हवा असेल तेव्हाच वरसाठी 'सोब्रे' वापरतात.

गोव्यात झालेला उलटा प्रवास

या दोन भाषाशाखांची गाठ आपल्याच किनाऱ्यावर चारशे वर्षांपूर्वी पडली आहे. इंग्लंडहून गोव्यात आलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स इथल्या भाषा शिकले. त्यांचे मराठी क्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. त्यांनी पोर्तुगीज भाषेतून लिहिलेले कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये रायतूर इथे छापले गेले. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. पुढे अव्यय लावणाऱ्या भाषेच्या वाचकांना मागे प्रत्यय लावणारी भाषा समजावणे, हे त्या व्याकरणाचे काम होते. आपला विद्यार्थी आज त्याच्या उलट दिशेने निघाला आहे.

चौकट: थोडक्यात

• प्रश्नार्थक शब्द: किएन – कोण, के – काय, क्वाल – कोणता, दोंदे – कुठे, क्वांदो – केव्हा, कोमो – कसा, क्वांतो – किती, पोर के – का.
• रेघ असेल तर 'क' (केव्हा), नसेल तर 'ज' (जेव्हा).
• मराठीत प्रत्यय नामाच्या मागे, स्पॅनिशमध्ये अव्यय पुढे. प्रश्नातही तसेच.
• ला: माणूस किंवा जाणे असेल तर आ, राहणे असेल तर एन.
• चा, हून: दे. पासून: देस्दे. पर्यंत: आस्ता.
• ने: करणाऱ्याला काही नाही, हत्याराला कोन, वाहनाला एन, कारणाला पोर.
• मुळे: पोर. साठी: पारा. सोबत: कोन. शिवाय: सिन. कडे: आसिआ.
• हो-नाहीच्या 'का'ला शब्द नाही, फक्त सूर.

सरावाची सोपी रीत

याद्या पाठ करण्यापेक्षा आपल्याच आयुष्यातले एक लांब वाक्य घ्यावे आणि त्याचे तुकडे करावेत. उदाहरणार्थ: 'ते बीडहून कोल्हापूरला, कुटुंबासोबत, दुष्काळामुळे, ऊस तोडण्यासाठी जातात.' आता प्रत्येक तुकड्याला प्रश्न विचारा. कुठून? दे दोंदे? – दे बीड. कुठे? आदोंदे? – आ कोल्हापूर. कोणासोबत? कोन किएन? – कोन सु फामिल्या. कशामुळे? पोर के? – पोर ला सेकीआ. कशासाठी? पारा के? – पारा कोर्तार कान्या. पुढे 'बान', म्हणजे 'जातात', हे क्रियापद ठेवले, की पूर्ण वाक्य तयार: बान दे बीड आ कोल्हापूर कोन सु फामिल्या पोर ला सेकीआ पारा कोर्तार कान्या. एका वाक्यात पाच प्रश्न आणि पाच अव्यये येतात. अशी दहा वाक्ये स्वतःची तयार केली, तर प्राथमिक पातळीची अव्यये बहुतेक हाताखालून जातात. स्पेनच्या थेर्वांतेस संस्थेतर्फे होणाऱ्या 'देले' परीक्षेच्या पहिल्या पातळीला विद्यार्थ्याकडून अपेक्षा असते ती अशाच साध्या प्रश्नोत्तरांची.

संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी स्पॅनिश ही एक आहे, आणि मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत ती बोलली जाते. ती शिकण्यासाठी आधी इंग्रजी उत्तम यायला हवे, ही समजूत ग्रामीण भागातल्या कितीतरी हुशार मुलांना दारातूनच परत पाठवते. प्रश्नार्थक शब्द आणि अव्यये या दोन्ही बाबतींत तरी ती समजूत चुकीची आहे. शिकवणाऱ्यांनी पहिल्या धड्यात 'स-ला-ते'चा तक्ता फळ्यावर लिहावा आणि त्याच्यासमोर स्पॅनिश अव्यये मांडावीत. शिकणाऱ्यांनी वहीच्या डाव्या बाजूला मराठी आणि उजव्या बाजूला थेट स्पॅनिश लिहावे. ज्याला मराठी नीट येते, त्याची स्पॅनिशची बरीच तयारी आधीच झालेली आहे. त्याने बिचकू नये, सुरुवात करावी.